हवालदार हलले नव्हते

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. माझ्या बाकीच्या बहुतेक गोष्टी तिला माहीत आहेत. ज्या डॉक्टरांबरोबर मी ते काम केलं त्यांनाही ती कधी कळली नाही, आणि आता ते हयात नाहीत. मग तुम्हालाच का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. तोंडाने बोलायला गेलं की मी विषय बदलतो आणि लिहिताना तेवढा बदलता येत नाही — हे दुसरं.

सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाहीये. आधी माझं काम काय होतं ते सांगतो. त्यात लपायला भरपूर जागा आहे, हे मला कळतंय. तरी सांगावं लागेल, कारण त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला समजणार नाही.

मी वाईचा. कॉलेज साताऱ्यात, पुढचं शिक्षण पुण्यात, आणि नव्वदीच्या दशकात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नोकरी. काम प्रथिनांवरचं. प्रथिन म्हटलं की लोकांना डाळ आणि अंडी आठवतात. पण प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी असते, आणि ती स्वतःशीच एका ठरावीक पद्धतीने दुमडून बसते. घडी नीट बसली तरच प्रथिन काम करतं. घडी विस्कटली तर साखळी तीच राहते, पण उपयोग संपतो. त्या घडीत कुठला अणू कुठे बसलाय ते शोधायचं, आणि मग एखादी जागा मुद्दाम बदलून प्रथिनाला आपल्याला हवं तसं वळवायचं — हा माझा व्यवसाय. मला तो फार आवडायचा. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांचं ते जाळं फिरवत मी जेवायचंसुद्धा विसरायचो.

त्या वर्षांत आमच्या हातात जे होतं ते असं. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. त्या खुणेला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी उंदरापासून मिळते. तिला थोडासा किरणोत्सारी पदार्थ जोडायचा, ती पेशंटच्या शिरेतून द्यायची, आणि काही तासांनी पेशंटला गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवायचं. कॅन्सर पोटात कुठे दडून बसला असेल तर अँटिबॉडी तिथे गोळा होते आणि चित्रात ती जागा उजळते. पोट न उघडता कळतं. अडचण होती ती उंदराची. उंदराचं प्रथिन माणसाच्या शरीराला परकं. एकदा आत आलं की शरीर ते लक्षात ठेवतं, आणि पुन्हा आलं तर त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून आम्ही त्या अँटिबॉडीचा फक्त चिकटणारा तुकडा ठेवला होता, आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या उंदराच्या जागा शोधून शोधून माणसासारख्या केल्या होत्या. सगळ्या नाही — सगळ्या बदलल्या तर घडीच बसत नव्हती. बऱ्याचशा.

त्यातली एक जागा माझी. माझी कल्पना, माझे हात, माझं कौतुक. तिच्यामुळे तो तुकडा माणसाला कमी परका झाला खरा, पण नाजूकही झाला. बर्फात ठेवला तर काही होत नसे. उन्हाळ्यातल्या खोलीत राहिला की हळूहळू त्याची घडी सुटायची, सुटलेले तुकडे एकमेकांत गुंतायचे आणि त्यांच्या बारीक गुठळ्या व्हायच्या. हे सगळ्यात आधी मलाच कळलं होतं. त्यामुळे ‘मला कल्पना नव्हती’ हे वाक्य मला कधीच वापरता येणार नाही.

सांगलीत एक वयस्कर सर्जन होते. मुंबईतल्या आमच्या प्रमुखांचे जुने मित्र. ते ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचे तिथे नुकताच गॅमा कॅमेरा आला होता. रीतसर परवानग्या घेऊन त्यांच्या काही पेशंटवर हा तुकडा वापरून बघायचं ठरलं. मी मुंबईहून त्या तुकड्याची कुपी घेऊन जायचं, तिथे त्याला किरणोत्सारी पदार्थ जोडून इंजेक्शन तयार करायचं, चित्र काढून घ्यायचं. माधवनगरला माझी मावशी राहायची, तिच्याकडे मुक्काम. डॉक्टर मला सगळ्यांसमोर ‘आमचे मुंबईचे सायंटिस्ट’ म्हणायचे. मी तेव्हा तिशीतला होतो. ते ऐकायला मला आवडायचं.

आमचे पहिले पेशंट मारुती हवालदार.

पलूसच्या बाजूचे. फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेले, तीन एकर द्राक्षबाग, एक मुलगा विलास, तो बाग बघायचा. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या आतड्यातली गाठ काढली होती. आता रक्ताच्या तपासणीत पुन्हा संशय येत होता, पण सोनोग्राफीत काही सापडत नव्हतं. परत कुठे उगवलंय का, आणि कापून काढता येण्याजोगं आहे का, हे लवकर कळायला हवं होतं. लवकर, हा शब्द डॉक्टरांनी मला दोनदा सांगितला होता.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते हॉस्पिटलच्या बाकावर ताठ बसले होते. पांढऱ्या मिशा कातरलेल्या, शर्टाला कडक इस्त्री. माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, पोरगं म्हनतंय उंदराचं औषध हाय. खरं व्हय?”

मी म्हटलं, “मूळचं उंदराचं. आम्ही त्याला बरंचसं माणसाचं केलंय.”

“मंग आमच्यावानीच की,” ते म्हणाले. “आमालाबी फौजेत न्हेऊन मानूस केलं.”

विलास हसला, त्यांची बायको अनुसयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. मी त्यांना समजावून सांगितलं की इंजेक्शन साधंच असतं, त्रास काही नाही, फक्त कॅमेऱ्याखाली बराच वेळ अजिबात न हलता पडून राहायला लागेल. हललं तर चित्र बिघडतं. ते म्हणाले, “त्याची काळजी तुमी सोडा. बर्फात पालथं पडून दिवस काडल्यात आमी. हलला त्यो गेला, आसं हुतं तितं.”

हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

आता ती कुपी. मी ती मुंबईहून थर्मासमध्ये बर्फ भरून आणत होतो. वाटेत सातारा. माझ्या जुन्या कॉलेजने मला भाषणाला बोलावलं होतं. एप्रिल महिना होता. तिथे उतरायचं, तासाभरात बोलून संपवायचं, थर्मासमध्ये नवा बर्फ भरून घ्यायचा आणि पुढची एसटी पकडायची असा बेत. थर्मास मी स्टाफरूमच्या कपाटावर ठेवला. पत्र्याच्या छपराखालची खोली ती.

भाषण लांबलं. मुलांनी प्रश्न विचारले. मग प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं, मग जेवण निघालं. वाईहून माझे वडील आले होते. मला भाषण करताना त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते, आणि जेवताना शेजारच्या प्राध्यापकांना माझी शाळेतली हुशारी सांगत होते. मला उठवेना. मी तिथे प्रथिनाची घडी किती नाजूक असते, थोड्या उष्णतेनेही कशी मोडते, यावर बोललो होतो — फळ्यावर चित्र काढून. आणि बर्फ घ्यायचा विसरलो. एसटी कराडच्या पुढे गेल्यावर आठवलं. मांडीवरचा थर्मास हलवला तर आत नुसतं पाणी डुचमळत होतं.

इथपर्यंतची चूक कुणाकडूनही होऊ शकते. तुम्ही तसं म्हणाल. मीही स्वतःला पुष्कळ वेळा तसं म्हणून बघितलंय. पण कबुली द्यायची आहे ती याची नाही.

सकाळी हॉस्पिटलच्या छोट्या खोलीत मी कुपी खिडकीसमोर धरून हलकेच फिरवली. द्रावण पाण्यासारखं नितळ दिसायला हवं. त्यात रेशमाचे दोरे फिरावेत तशी बारीक चमक फिरली आणि खाली बसली. मी पुन्हा फिरवून बघितलं. मग ते सिरिंजमध्ये ओढून फिल्टरमधून गाळलं. चांगलं द्रावण फिल्टरमधून सहज जातं. हे जाईना. मला सिरिंजचा दांडा दोन्ही हातांनी दाबावा लागला, अंगठा दुखायला लागला. गुठळ्यांनी फिल्टर तुंबला होता, दुसरं काय? खाली जे उतरलं ते स्वच्छ दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, यात थोडं तरी चांगलं असेल. त्यालाच किरणोत्सारी पदार्थ जोडला. ही जोडणी नीट झाली की नाही ते बघायची एक कागदाच्या पट्टीवरची साधी चाचणी असते. मी ती केली नाही. केली असती तर मला उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मला नको होतं.

बाहेर पेशंट उपाशी बसला होता. डॉक्टर येऊन हातावर हात चोळत उभे होते. ‘बर्फ वितळला’ असं म्हणायला किती वेळ लागतो? पण मग पुढचा प्रश्न आला असता — कुठे वितळला? आणि मला सांगावं लागलं असतं की शाल घेत होतो.

मी तयार केलेलं डॉक्टरांनी हवालदारांच्या शिरेतून दिलं. दुपारी त्यांना कॅमेऱ्याखाली झोपवलं. टेक्निशियन बाई काचेपलीकडे पडद्याकडे बघत होत्या. पेशंटकडे बघणारा मी एकटाच. हवालदार डोळे मिटून पडले होते. श्वाससुद्धा वरच्या वर घेत होते, पोट उचलू नये म्हणून. मध्येच कुठून तरी एक माशी आली आणि त्यांच्या मिशीवर बसली. ओठावर उतरली. नाकपुडीपाशी गेली. त्यांनी फुंकरसुद्धा मारली नाही. मीच पुढे होऊन ती हाकलली. मला वाटतं, माझ्या हाताचा वारा त्यांना लागला असेल, कारण पापणी किंचित थरथरली. बाकी काही नाही.

चित्र वाईट आलं. दाणेदार, धुरकट, वरच्या बाजूला यकृत तेवढं भगभगीत उजळलेलं, आणि खाली नुसता करडा चिखल. गुठळ्या यकृतात जाऊन अडकतात. त्या तिथेच गेल्या होत्या. बाकीच्या पोटात पोचायला चांगलं असं काही उरलंच नव्हतं. मला ते बघताक्षणी कळलं.

डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, “हे असंच येतं का हो?”

मी म्हटलं, “यकृत थोडं उजळतंच. पण बाकीचं इतकं पुसट — पेशंट हलला असणार.”

झालं. एवढंच वाक्य. मी ते आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून आल्यावर ते मी मागेही घेतलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्यासाठी हे तंत्र नवं होतं, माझ्यावर त्यांचा विश्वास होता. ते म्हणाले, “म्हातारी माणसं, व्हायचंच. पुन्हा करू.”

बाहेर त्यांनी हवालदारांना अगदी सौम्यपणे सांगितलं की फोटो नीट आला नाही, जरा हालचाल झाली, काही आठवड्यांनी परत करू. विलास भडकला. बागेचं काम टाकून आला होता, बापाच्या काळजीने आधीच कावलेला. हॉलमध्ये माणसं बसली होती. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “आवं आबा, जरा गप पडाया येत न्हाई व्हय तुमाला? येवढं एकच काम हुतं की.”

 हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. “हललो व्हय मी, साहेब?” त्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि जाणणारा माणूस मी होतो. ती माशी मी हाकलली होती.

मी म्हटलं, “थोडंसं. होतं असं.”

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, “आसंन. वय झालं.”

ही माझी कबुली आहे. इथे थांबलो असतो तर काय झालं असतं — एक खोटं, एका म्हाताऱ्या माणसाचा थोडा मान गेला. पण मी पुढेही तिथे होतो.

दुसऱ्या खेपेला मी मुंबईहून थेट आलो. थर्मास मांडीवरून हलवला नाही. कुपी नितळ होती. अनुसयाबाई एकट्याच व्हरांड्यात भेटल्या. म्हणाल्या, “आवं, ह्या बारीला काय हलायचं न्हाईत बगा. रोज दुपारच्याला कॉटवर सरळ पडून ऱ्हात्यात. मला म्हनत्यात, कोपऱ्यात बसून बग, हललो तर सांग. मी म्हनलं, न्हाई हलला. तर म्हनत्यात, तुझं ध्यान नसंन.”

मी त्यांना काय म्हणालो, आठवत नाही. बहुधा ‘चांगलंय’.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. शहाणे डॉक्टर होते ते, विचारायला विसरले नाहीत. “दुसऱ्यांदा देतोय. उंदराचा अंश आहेच. चालेल ना?”

आता ऐका. नितळ प्रथिन एकदा दिलं तर शरीर कदाचित त्याच्याकडे लक्षही देत नाही. पण गुठळ्या दिल्या तर शरीर खडबडून जागं होतं. विस्कटलेल्या, चिकटलेल्या प्रथिनाची ओळख ते सगळ्यात पक्की ठेवतं. आमच्या शाखेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे माहीत असतं. मी हवालदारांना पहिल्या खेपेला नेमकं तेच दिलं होतं. त्यांचं रक्त मुंबईला पाठवून तपासता आलं असतं. पण मग कशासाठी तपासायचं, असा काय संशय आला, हे सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, “चालेल. पृष्ठभाग बदललेला आहे आपला.”

इंजेक्शन अर्धंही गेलं नसेल. हवालदार तळहात खाजवायला लागले. “आंग भाजतंय,” म्हणाले. मग मानेवर, छातीवर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, आणि घशातून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी सुई ओढून काढली, ओरडून ॲड्रिनलिन मागवलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. माझ्या पायाशी कोणाची तरी चप्पल पडली होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. तेवढं मला स्पष्ट आठवतं. नाडी लागत नाही असं कोणीतरी म्हणालं. मग लागते म्हणालं.

ते वाचले. आठवडाभर अतिदक्षता विभागात होते, हृदयाला धक्का बसला होता. मी काचेतून बघून निघणार होतो, पण त्यांनी मला बघितलं आणि हात हलवून आत बोलावलं. आवाज फाटलेला. म्हणाले, “साहेब, तुमचं औषध दोन येळा वाया घालवलं मी.”

सांगायला याच्याहून चांगली वेळ मला कुठली मिळणार होती? खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्या उशाशी उभा राहिलो आणि म्हटलं, “तुम्ही आराम करा. बोलू नका.” मी त्यांना बोलू दिलं नाही, असंही म्हणता येईल.

पुढचं लवकर सांगतो. डॉक्टरांनी आमचं काम तिथेच थांबवलं. हवालदारांचं हृदय अशक्त झालेलं, त्यामुळे नुसत्या संशयावर पोट उघडायला ते धजावेनात. पावसाळा गेल्यावर गाठ हाताला लागली. तेव्हा पोट उघडलं, आत सगळीकडे पसरलेलं बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. बागेची छाटणी चालू असताना ते गेले. चांगल्या कुपीने पहिल्याच खेपेला ती जागा दिसली असती का? दिसलीच असती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. दिसली नसती, असंही नाही. मी या प्रश्नाच्या आडोशाला पुष्कळ दिवस बसून काढले. तिथे बसून काही मिळत नाही.

मुंबईत मी अहवाल दिला. पहिल्या खेपेला पेशंटच्या हालचालीमुळे चित्र अस्पष्ट, दुसऱ्या खेपेला ॲलर्जी. प्रमुखांनी वाचून खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पहिल्या पेशंटला असं व्हावं, नशीब तुझं. पुढे आम्ही प्रथिनातली ती माझी जागा परत पूर्वीसारखी केली, तुकडा टणक झाला, दुसऱ्या शहरांत चांगली चित्रं आली. त्या कामावर मला बढती मिळाली. काही लोकांच्या गाठी त्यामुळे वेळेवर सापडल्या असतील. ते मी इथे वजाबाकीसाठी लिहीत नाही.

आणखी एक राहिलं. खरं तर हे सांगण्यासाठीच बसलो होतो, आणि बाकीचं सगळं सांगत राहिलो.

मावशी गेली तेव्हा मी माधवनगरला आलो होतो. हवालदार जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. सांगलीच्या बाजारात कोणीतरी मागून हाक मारली. विलास होता. जाडावला होता, केस मागे हटले होते. मला काही सुचायच्या आत त्याने मला मोटरसायकलवर बसवलं आणि पलूसला घरी नेलं. मी नको म्हणू शकत होतो. का गेलो? बहुतेक मला वाटलं, आज सांगून टाकू. वाटेत तासगावच्या बाजूची बाग दाखवत तो बोलत होता आणि मी मागे बसून वाक्य जुळवत होतो. पहिलं वाक्य जुळलंही होतं.

अनुसयाबाईंनी ओळखलं. चहा टाकला. त्यांना कमी दिसायला लागलं होतं, कप हातात देताना त्यांनी माझं मनगट धरलं. त्या आत गेल्यावर विलासने आपला कप खाली ठेवला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “साहेब, एक इचारू? आबा हलला नसता तर ती दुसरी सुई लागलीच नसती न्हवं?”

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

“मी त्येला लय टाकून बोललो तवा. दवाखान्यात, समद्यांम्होरं. त्यो घरी येऊन चार दिस जेवला न्हाई धड. आई म्हनती, इसर आता. पन मला कवा इसर पडत न्हाई. म्हातारं मानूस, हललं आसंन. त्येवढ्यावरनं मी...”

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. मोठा बाप्या माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. आणि माझ्याजवळ ते वाक्य तयार होतं. तीन शब्द. ते हलले नव्हते. ते म्हटले असते तर त्याने मला मारलं असतं कदाचित, घराबाहेर काढलं असतं, गावभर सांगितलं असतं, मुंबईला पत्र गेलं असतं. पण त्या रात्रीपासून तो झोपला असता.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, “मनाला लावून घेऊ नका. होतं असं.”

त्याने मान डोलावली. म्हणाला, तुमी म्हनला, बरं वाटलं.

मी चहा संपवला. त्याने मला स्टँडवर आणून सोडलं आणि द्राक्षांची एक पेटी बळेच हातात दिली. मुंबईला आल्यावर बायकोने विचारलं, कोणी दिली. मी म्हटलं, एका पेशंटच्या मुलाने. गोड होती. आम्ही ती खाल्ली.

त्यानंतर मी पलूसला गेलेलो नाही. विलास तिथेच आहे, बाग आहे, ओळखीच्या एकाकडून अधूनमधून कळतं. अनुसयाबाई गेल्या. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. त्याला सांगितलेलं नाही.